फुलांचे दप्तर

३ मे १७७०. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका लहानशा उपसागरात 'एंडेव्हर' नावाचे इंग्रजी जहाज नांगर टाकून उभे होते. त्या दिवशी जहाजावरील एक मोठे शीड किनाऱ्यावर आणून वाळूत अंथरण्यात आले. परंतु त्यावर ना धान्य वाळत घातले गेले, ना मासळी. सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाने त्या शिडावर कागद पसरले. ते थोडेथोडके नव्हते. सुमारे दोनशे दस्ते होते. बहुतेक कागदांच्या पोटात एकेक फुलांची डहाळी होती. तो तरुण दिवसभर उन्हात बसून ते कागद वरचेवर उलटत-पालटत होता.

त्याचे नाव जोझेफ बँक्स. कॅप्टन कुक ह्यांच्या जलप्रवासात तो आणि त्याचा स्वीडिश सोबती डॅनिएल सोलँडर हे दोघे नव्या नव्या वनस्पती गोळा करीत होते. ह्या किनाऱ्यावर त्यांना इतकी अपरिचित झाडे आढळली, की वाळविण्याच्या कामाला गोळा करण्याचा वेग गाठता येईना. कागद ओलसर होऊ लागले. समुद्रावरील दमट हवेत ते तसेच राहिले असते, तर आत बुरशी धरून हजारो मैलांवरून मिळविलेले ते सारे धन काळ्या लगद्यासारखे झाले असते. म्हणून इतर सर्व कामे बाजूला ठेवून बँक्सने तो एक दिवस केवळ कागद वाळविण्यात घालविला. कुक ह्यांनी त्या उपसागराला आधी दुसरेच नाव दिले होते. पुढे तेथे सापडलेल्या वनस्पतींची संख्या ध्यानात घेऊन त्यांनी ते बदलले आणि 'बॉटनी बे', म्हणजे वनस्पतिशास्त्राचा उपसागर, असे नाव ठेवले.

संकट तेवढ्याने टळले नाही. पुढच्याच महिन्यात जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले. दुरुस्तीसाठी ते एका नदीच्या मुखाशी लावले असता त्याचा मागील भाग खाली कलला आणि पावाच्या कोठारात पाणी शिरले. वाळलेले नमुने सुरक्षित राहावेत म्हणून ते नेमके त्याच कोठारात ठेवलेले होते! पुष्कळसे नमुने पुन्हा वाळवून वाचविता आले; काही मात्र कायमचे गेले.

बँक्सजवळचे कागद मुद्दाम फुलांसाठी तयार केलेले नव्हते. त्यांतील काही तर मिल्टन ह्या कवीच्या 'पॅरडाइज लॉस्ट' ह्या महाकाव्यावरील टिपणांचे, छापलेले परंतु पुस्तकात न बांधलेले ताव होते. रद्दीच म्हणा ना. फुले वाळविण्याच्या विद्येला रद्दीचे वावडे नाही. ती आजही वर्तमानपत्रांच्या आधाराने चालते.

ताज्या फुलात वजनाने पाहिले तर बहुतांशी पाणीच असते. हे पाणी लवकर निघून गेले, तर फुलाचा आकार टिकतो आणि रंगही बऱ्याच अंशी राहतो. ते रेंगाळले, तर बुरशीचे फावते. म्हणजे फूल वाळविणे ही पाणी आणि बुरशी ह्यांच्यामधील शर्यत आहे, आणि वाळविणाऱ्याने पाण्याला वाट करून द्यायची आहे. महाराष्ट्रात ही शर्यत विशेष कठीण होते. सह्याद्रीचे माथे आणि उतार फुलांनी भरून जातात ते श्रावण-भाद्रपदात. आणि हवा सर्वांत दमट असते तीही त्याच सुमारास. तेव्हा धुतलेला सदरा दोन दोन दिवस वाळत नाही, मग पाकळी कशी वाळावी?

पुष्कळ मुले फूल एखाद्या जाड पुस्तकात दडवून ठेवतात. महिन्याने उघडून पाहावे तो चपटा तपकिरी डाग हाती येतो. त्यात फुलाचा दोष नाही. पुस्तकाचा कागद बहुधा गुळगुळीत असतो, तो ओल टिपत नाही. आणि जी थोडीफार टिपतो ती तेथेच कोंडून राहते, कारण रोज पान बदलण्याची सोय पुस्तकात नाही. शिवाय पुस्तक बिघडते, आणि ते पुष्कळदा दुसऱ्याचे असते.

ह्या सर्व अडचणींवर उपाय म्हणून अभ्यासक जे साधन वापरतात त्याला ते 'प्रेस' म्हणतात. नाव यंत्राचे असले, तरी त्यात यंत्र असे काहीच नाही. दोन चौकटी, मध्ये कागद आणि सर्वांना आवळणारे दोन पट्टे, एवढाच त्याचा संसार. 'दप्तर' ह्या शब्दाने आज शाळेची पिशवी डोळ्यांसमोर येते. पण त्याचा जुना अर्थ कागदपत्रांचा बांधून ठेवलेला संच असा आहे. पुण्याचे पेशवे दप्तर ह्याच अर्थाने दप्तर आहे. त्या अर्थाने हा प्रेस म्हणजे फुलांचे दप्तरच होय. शिवाय तो लहान केला, तर शाळेच्या दप्तरातही मावतो.

चौकटीसाठी बांबूच्या कामट्या उत्तम. त्या बुरुडाकडे मिळतात. बांबू पुरता वाळलेला असावा. ओल्या बांबूच्या कामट्या पुढे आक्रसतात, गाठी सैल पडतात, आणि जे साधन ओल काढण्यासाठी करावयाचे, तेच ओल सोडू लागते. कामटी सुमारे दोन सेंटिमीटर रुंद घ्यावी. २८ सेंटिमीटर लांबीच्या पाच कामट्या समान अंतरावर उभ्या मांडाव्या आणि त्यांवर २० सेंटिमीटर लांबीच्या सहा कामट्या आडव्या ठेवाव्या, म्हणजे एक जाळीदार चौकट तयार होते. जेथे जेथे दोन कामट्या एकमेकींना ओलांडतात, तेथे तेथे मेण लावलेल्या दोऱ्याने फुलीच्या आकाराची गाठ पक्की बांधावी. एका चौकटीत अशा तीस गाठी येतात. तिसाव्या गाठीपर्यंत बोटे दुखू लागतात, आणि अजून दुसरी चौकट बाकी असते. तरीही चार कोपरे बांधून वेळ मारून नेण्याचा मोह टाळावा. तशी चौकट पट्टा आवळताच तिरपी होते. बांधण्यापूर्वी प्रत्येक कामटीच्या कडा काचकागदाने घासून घ्याव्या. बांबूची कूस बोटात शिरली की काम राहते बाजूला आणि सुई शोधावी लागते.

प्लायवुडच्या दोन फळ्या घेऊनही चौकटी करता येतात, आणि ते काम अर्ध्या तासात आटोपते. परंतु फळीतून हवा जात नाही, जाळीतून जाते. पावसाळ्यात हा फरक फुलाला चांगलाच जाणवतो.

आता पोटातील सामान. एखाद्या रिकाम्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेऊन त्याचे चौकटीच्याच मापाचे सात-आठ तुकडे कापावे. पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये ज्या बारीक नळ्या दिसतात, त्यांतून वारा खेळतो व ओल बाहेर पडते. म्हणून कापताना त्या नळ्या चौकटीच्या लांबीच्या नव्हे, रुंदीच्या दिशेने ठेवाव्या. हवेला जितका आखूड रस्ता, तितकी ती लवकर बाहेर पडते. कापताना घाई झाली आणि नळ्या उलट्या दिशेला गेल्या, तरी प्रेस दिसण्यात तसाच दिसतो. फक्त फुले उशिरा वाळतात आणि कारण कोणाला उमगत नाही.

पूर्वी ओल शोषण्यासाठी टिपकागद वापरीत. शाईच्या टाकाबरोबर तोही घराघरांतून नाहीसा झाला. वर्तमानपत्र त्याची जागा समाधानकारकपणे घेते. मात्र चकचकीत रंगीत पुरवण्या उपयोगी नाहीत. मोठ्या वर्तमानपत्राचे एक सुटे पान आडवे फाडून त्याचे दोन भाग करावे आणि प्रत्येक भागाची मधोमध घडी घालावी. ही घडी चौकटीत नीट बसते. काही घड्या फुले ठेवण्यासाठी एकेरी राखाव्या, आणि पाच-सहा घड्या एकावर एक ठेवून ओल टिपणाऱ्या गाद्या कराव्या. रचना अशी: खाली चौकट, तीवर पुठ्ठा, मग गादी, मग फुलाची घडी, पुन्हा गादी, पुन्हा पुठ्ठा, आणि हाच क्रम वरच्या चौकटीपर्यंत. शेवटी अरुंद नवारीचे, प्रत्येकी सुमारे ९० सेंटिमीटर लांबीचे, दोन पट्टे बकले लावून सभोवती आवळावे. सगळा प्रेस एका जाड कोशापेक्षा जड होत नाही.

नवशिक्याने पहिल्याच दिवशी तेरड्याच्या वाटेला जाऊ नये. त्याचे देठ पाण्याने भरलेले असते आणि पाकळी बोटाच्या नुसत्या दाबानेही काळवंडते. एकदांडी, कुर्डू, टाकळा ही मुबलक आणि समजूतदार झाडे आहेत. कुर्डूचे फूल तर झाडावर असतानाच कागदासारखे कोरडे असते. वाळल्यावर त्याची गुलाबी छटा थोडी उतरते, एवढेच. गोकर्णाची निळी पाकळी पसरट असल्यामुळे चांगली दाबली जाते. झेंडूचे फूल मात्र अख्खे ठेवल्यास आतून कुजते. ते उभे चिरून अर्धेच ठेवावे.

फूल तोडावयाचे ते दव उडून गेल्यावर. पावसाचे थेंब असतील तर ते कागदाने अलगद टिपून घ्यावे. नुसती पाकळ्यांची टोपी आणून उपयोग नाही. डहाळी, पाने, कळी आणि मिळाल्यास फळ, असा सारा परिवार हवा, कारण झाड ओळखताना कधी कधी फुलाहून पानाचाच आधार अधिक होतो. घडीत ठेवताना एखादे पान मुद्दाम उलटे ठेवावे, म्हणजे त्याची खालची बाजूही पुढे पाहता येते. हे सर्व झाडाजवळच करावयाचे असते. घरी नेऊन सावकाश लावू म्हणून पिशवीत कोंबलेली फुले घरी पोहोचेपर्यंत मान टाकतात. प्रेस लहान आणि खांद्यावरून नेता येण्याजोगा असावा, तो एवढ्यासाठीच.

पहिले चोवीस तास फार महत्त्वाचे. तेवढ्या वेळात फूल मऊ पडते, पण अजून ठिसूळ झालेले नसते. दुमडलेली पाकळी त्या वेळी सुईच्या टोकाने सरळ करता येते. ही संधी एकदाच मिळते. त्यानंतर फुलाची घडी उघडू नये. ओल्या गाद्या तेवढ्या काढून कोरड्या घालाव्या आणि फूल आपल्या घडीत तसेच राहू द्यावे. पाहण्याच्या उत्सुकतेने घडी उघडली, की कागदाला चिकटलेली पाकळी फाटते. पहिले तीन दिवस रोज, आणि झडीचे दिवस असतील तर सकाळ-संध्याकाळ गाद्या बदलाव्या. नंतर एक दिवसाआड बदलल्या तरी चालते. काढलेल्या गाद्या चुलीजवळ किंवा उन्हाच्या तिरिपेत वाळवून पुन्हा वापराव्या. फूल आक्रसते तसतसे पट्टे सैल पडतात, म्हणून ते रोज थोडे आवळावे. सुरुवातीलाच सारे बळ लावून आवळले तर पाकळ्या चेचल्या जातात.

रोजचे हे काम कंटाळवाणे आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी पुष्कळांचा उत्साह ओसरतो. मित्रांचा खेळ रंगात आलेला असतो, आणि एका दिवसाने काय बिघडणार, असे वाटते. श्रावणात एका दिवसाने बिघडते. गादी उचलताच कुबट वास आला, तर समजावे की बुरशीने शर्यत जिंकली.

आठ-दहा दिवसांनी फूल वाळले की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. घडी गालाला लावून पाहावी. गार लागली, तर आत अजून ओल आहे. गार लागली नाही, तर घडी हलकेच उघडून फूल देठाने उचलावे. ते मान न टाकता ताठ राहिले, म्हणजे काम झाले.

इतके करून हाती येते ते एक वाळलेले फूल. ते सुंदर असेल. पण त्याच्या घडीत एक चिठ्ठी नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची किंमत गवताच्या काडीइतकीच. चिठ्ठी फूल तोडले त्याच जागी, त्याच वेळी लिहावयाची, आणि ती शिसपेन्सिलीने, कारण शाई ओलीने फुटते. स्थानिक नाव, तारीख, वर्ष, झाडाची उंची, ताज्या फुलाचा रंग, आजूबाजूला काय होते आणि तोडणाऱ्याचे नाव, इतके तीत असावे. ठिकाणाच्या बाबतीत 'ओढ्याजवळ' एवढे लिहून भागत नाही. कोणता ओढा? लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणूनच तो लिहावयाचे विसरतो. पन्नास वर्षांनी ती चिठ्ठी वाचणाऱ्या परक्या माणसाला त्या जागी जाऊन उभे राहता आले पाहिजे, इतक्या बेताने गाव, तालुका आणि जिल्हा लिहावा.

पन्नास वर्षांनी ती कोण वाचणार, असे एखाद्याला वाटेल. आयर्लंडात १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला. बटाटा हेच तेथील गरिबांचे मुख्य अन्न होते. पुढील काही वर्षांत उपासमारीने व रोगराईने सुमारे दहा लाख माणसे मरण पावली. त्या शतकात कोणी कोणी बटाट्याची ती रोगट पाने खुडली, कागदात दाबून वाळविली आणि त्यांसोबत ठिकाण व साल लिहून ठेवले. वाळलेली ती पाने लंडनजवळील क्यू येथे आणि जर्मनीतील म्युनिक येथे जपून ठेवण्यात आली. तेव्हाच्या लोकांना डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच पानांतून रोगजंतूचा डीएनए वेगळा काढला आणि तो जंतू नेमका कोणत्या जातकुळीचा होता, ते शोधून काढले. ज्या जातकुळीवर आजवर संशय घेतला जात होता, ती निराळीच निघाली. पानांवरची साले नसती, तर हा पुरावा उभा राहिला नसता.

आपल्याकडेही असे संग्रह आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० साली स्थापन झाली; तिचे पश्चिम भारतासाठीचे केंद्र पुण्यात १९५५ पासून आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील संग्रहाला फादर ब्लॅटर ह्यांचे नाव दिलेले आहे. स्पेनमधून आलेले फादर सांतापाव ह्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला; तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. खंडाळ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला तेथील झाडे वाळविताना किती गाद्या बदलाव्या लागत असतील ह्याची कल्पना यावी. अशा संग्रहांतील जुन्या तारखा आजच्या तारखांशी ताडून एखादे झाड पूर्वीपेक्षा लवकर फुलू लागले आहे काय, आणि पूर्वी जेथे होते तेथून ते नाहीसे झाले आहे काय, हे अभ्यासक पाहतात.

नाहीसे होण्याचा प्रश्न निघाला म्हणून प्रेस घेऊन निघालेल्याने एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस रंगांचे गालिचे पसरतात. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर ह्या पठाराचा समावेश २०१२ साली जागतिक वारशात झाला. तेथे फूल तोडण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तेथील काही वनस्पती जगात अन्यत्र फारशा कोठे आढळत नाहीत. अशा ठिकाणी प्रेस पिशवीतच राहू द्यावा आणि कागद-पेन्सिल काढून चित्र काढावे. अन्यत्रही ज्याची दहा झाडे डोळ्यांसमोर दिसतात, त्याचीच एक डहाळी घ्यावी. मूळ उपटू नये. एकच झाड दिसले, तर ते किती सुंदर आहे ह्याचा विचार मनात आणू नये आणि पुढे चालू लागावे. हे सांगावयास सोपे आहे. प्रेस रिकामा असतो, परतण्याची वेळ झालेली असते, आणि अशा वेळीच ते एकटे फूल नेमके दिसते.

वाळलेली डहाळी जाड पांढऱ्या कागदावर ठेवून डिंक लावलेल्या बारीक कागदी पट्ट्यांनी देठाशी चिकटवावी. फुलावर डिंक लागू देऊ नये. पेन्सिलीची चिठ्ठी उजव्या कोपऱ्यात खाली लावावी. ती स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली, तरी मूळ चिठ्ठी फेकू नये, कारण नकलताना तारखा चुकतात. मोठ्या संग्रहांतील कागद सुमारे ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद असतो. लहान प्रेसमधील नमुन्यांना त्याच्या निम्मा पुरतो. संग्रहाच्या पेटीत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा आणि ती महिन्यातून एकदा उघडून पाहावी, म्हणजे कसर लागली असल्यास वेळीच कळते.

दसऱ्यानंतर फुले ओसरतात. तेव्हा प्रेसचे पट्टे सोडून चौकटी आणि पुठ्ठे दोन दिवस कडक उन्हात ठेवावे. सैल झालेल्या गाठी पुन्हा आवळाव्या. गाद्यांच्या कागदांवर पिवळे, जांभळे डाग पडलेले असतात. त्यांतील फाटलेले कागद टाकून द्यावे आणि धड असलेले पुढल्या श्रावणासाठी बांधून ठेवावे.